परमुलखातील गुरुजी

सोलापुराहून नळदुर्गाकडे जाणारा प्रवासी आज ज्या रस्त्याने तासाभरात बोरी नदीपाशी येऊन पोहोचतो, त्याच रस्त्यावर १९४८ च्या सप्टेंबरपूर्वी एक सरहद्द होती. आणि ती ओलांडणाऱ्या मराठी माणसाची भाषा, दैवते आणि भाकरी यांपैकी काहीही बदलत नसताना, आपण परमुलखात आलो ही जाणीव त्याला पावलोपावली होत असे. सरहद्दीवर निजाम सरकारच्या करोडगिरीचे नाके, तेथे गाठोड्याची झडती आणि मालावर जकात; खिशातला ब्रिटिश कलदार रुपया पलीकडे निजामाच्या हाली शिक्क्यात मोडावयाचा, आणि शंभर कलदारांचे एकशे सोळा रुपये, दहा आणे, आठ पै होतात हा हिशेब पाठ ठेवावयाचा; कचेरीतील कागदावर साल फसली, महिन्यांची नावे आझर, दै, बहमन अशी इराणी, आणि आठवड्याची सुट्टी रविवारी नव्हे, शुक्रवारी. ब्रिटिश अमलाखालचे लोक या साऱ्या प्रदेशाला सरसकट ‘मोगलाई’ म्हणत, आणि त्या एका शब्दात तुळजापूर, परांडा, उमरगा ही जवळची सोयऱ्याधायऱ्यांची गावे दूर देशांतरी जाऊन बसत.

अशा मोगलाईत, आजच्या लोहारा तालुक्यातील हिप्परगा या गावी, १९२१ साली एक राष्ट्रीय शाळा निघाली. आणि बहुतेक सरकारी हायस्कुलांतून उर्दू हेच शिक्षणाचे माध्यम असताना मराठी मुलांना मराठीतून शिकवण्याचे व्रत तिने घेतले. १९२९ च्या सुमारास या शाळेत शिक्षक म्हणून आलेले व्यंकटेश भगवान खेडगीकर, जे पुढे स्वामी रामानंद तीर्थ या नावाने हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झाले, त्यांचे आधीचे आयुष्य सोलापूर, अमळनेर, पुणे, आणि कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्या सहवासातील मुंबई-दिल्ली अशा अगदी निराळ्या जगात गेले होते. त्यांच्या राजकीय कर्तृत्वाचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे, आणि तो लिहिण्यासारखाच आहे. पण मला त्यातली एक लहान बाजू दीर्घकाळ विचार करावयास लावते, ती ही की, शहरात घडलेला, इंग्रजी उत्तम जाणणारा एक विद्वान मनुष्य आडवळणाच्या खेड्यात शिकवावयास येतो तेव्हा वर्गात तो सर्वांत जाणता असतो आणि वर्गाचा उंबरा ओलांडताच गावातल्या पोरासोरांहून अजाण ठरतो. पाणी कोणत्या आडाचे प्यावे, ज्वारीच्या काढणीला पोरे शाळेत का येत नाहीत, कोणाच्या ओसरीवर बसले असता कोणाला वाईट वाटते, हे त्याला त्याच्याच विद्यार्थ्यांकडून शिकावे लागते. ज्याला हे शिकण्यात कमीपणा वाटतो तो बदलीच्या हुकुमाची वाट पाहत राहतो. आणि ज्याला वाटत नाही त्याची शिकवण गावात मूळ धरते, असे माझे निरीक्षण आहे.

हा विचार आज नव्याने करण्याचे कारण असे की, इंग्रजी विषय घेऊन बी.एड. झालेल्या आमच्याकडील तरुणांपुढे परदेशी शिक्षकीची वाट आता मांडली जाते, आणि त्या वाटांत कोरिया हे एक नाव आहे. भारत आणि दक्षिण कोरिया यांच्यात झालेल्या व १ जानेवारी २०१० पासून अमलात आलेल्या आर्थिक भागीदारीच्या करारात इंग्रजीच्या साहाय्यक शिक्षकांसाठी भारतीयांना दार थोडेसे उघडण्यात आले. एरवी इंग्रजी शिकवण्याचा त्या देशाचा परवाना अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात राष्ट्रांच्या नागरिकांसाठी राखून ठेवलेला आहे. इंग्रजी ज्याच्या घरात बोलली जाते त्यालाच ती शिकवता येते, या समजुतीवर ही अट उभी आहे. आणि ती समजूत मला मुळातच सदोष वाटते.

धाराशिवच्या खेड्यातले मूल प्रथम इंग्रजी बोलू लागते तेव्हा ते ‘इस्कूल’ म्हणते, ‘इस्टेशन’ म्हणते. शब्दारंभीच्या जोडाक्षराशी त्याची जीभ अडते आणि ती आधी एक ‘इ’ टेकू म्हणून लावून घेते. कोरियन भाषेतही शब्दारंभी असे जोडाक्षर संभवत नाही. तेथील मूल टेकू आधी न लावता मध्ये घालते, आणि त्याच शब्दाचा उच्चार ‘सुकुल’ असा काहीसा करते. इंग्रजीतला ओठदाती ‘फ’ त्या भाषेत नाही, म्हणून कॉफीची ‘कोपी’ होते. आणि आमच्या खेड्यांतही जुनी माणसे तो ‘फ’ दोन्ही ओठ मिटूनच उच्चारीत आली आहेत. आता लंडनमध्ये जन्मलेल्या शिक्षकाला या अडखळण्याची जात कोणती हे पुस्तकातून समजेल. पण उमरग्याच्या ज्या मुलाने स्वतः ‘इस्कूल’पासून प्रारंभ करून, वर्गातील हसू सोसून, तो ‘इ’ एकेक शब्दातून काढून टाकला आहे, त्याला जीभ नेमकी कोठे अडते आणि ती सोडवावयास काय करावे लागते हे अंगाने ठाऊक आहे. परक्या भाषेची वाट स्वतः चालून आलेला मनुष्य हाच त्या वाटेवरचा खरा वाटाड्या होय, आणि परवान्याच्या नियमांत या अनुभवाला काडीची किंमत नसावी याचे मला मनापासून वाईट वाटते.

पण वर्गातले हे सामर्थ्य वर्गाबाहेर उपयोगी पडत नाही. तेथे हिप्परग्याचाच धडा नव्याने गिरवावा लागतो. शाळेच्या दारात बाहेरचे जोडे काढून आतल्या सपाता चढवावयाच्या. वडील माणसाला काही देताना व त्याच्याकडून घेताना दोन्ही हात पुढे करावयाचे. मुले नावाने हाक मारीत नाहीत, ‘सनसेंगनिम’ म्हणजे गुरुजी म्हणतात, यात आपल्याकडच्या माणसाला परके असे काही वाटू नये. पहिल्याच भेटीत वय विचारले तर तेही मानून घ्यावे, कारण कोणी कोणाशी कोणत्या आदराने बोलावयाचे हे तेथे वयावर ठरते, जसे ते आमच्याकडे ‘अहो’ आणि ‘अरे’ यांनी ठरते. लिपीचे भय तर मुळीच नको. राजा सेजोंग याने १४४६ साली जाहीर केलेली ही लिपी उच्चारांच्या शास्त्रावर रचलेली असून स्वर-व्यंजने एकत्र बांधून अक्षर करण्याची तिची रीत बाराखडीत वाढलेल्या माणसाला थोडक्यात उमगते. दुकानाच्या पाट्या वाचता येऊ लागल्या की परमुलूख निम्मा आटोपला असे समजावे. अवघड जाते ते जेवण, विशेषतः शाकाहारी माणसाला. कारण वरकरणी नुसत्या भाजीचे दिसणारे सूपसुद्धा वाळवलेल्या मासळीच्या पाण्यात केलेले असते. आणि तरीही त्याच देशात ज्वारी आहे. मुलाच्या वाढदिवसाला ज्वारीच्या पिठाचे, तांबड्या घेवड्यासारख्या कडधान्यात घोळलेले गोळे करून त्याच्यावरील अरिष्ट टाळण्याची जुनी चाल तेथे आहे. शाळूच्या मुलखातून गेलेल्या शिक्षकापुढे एखाद्या विद्यार्थ्याच्या आईने ते ताट ठेवले, तर तो त्या घरी क्षणभरही परका राहणार नाही.

येथे एक भेद स्पष्ट करणे अवश्य वाटते. भाषा परकी असणे हा अन्याय नव्हे; ती हुकुमाने लादली जाते तेव्हा अन्याय होतो. निजामाच्या हैदराबादेत १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने विज्ञान, कायदा, वैद्यक हे विषय इंग्रजीऐवजी उर्दू या भारतीय भाषेत शिकवून दाखवले, हे करण्यास त्या काळी कोणी धजावले नव्हते, आणि त्याचे श्रेय मोकळ्या मनाने दिले पाहिजे. परंतु मराठी, तेलुगू, कन्नड बोलणाऱ्या बहुसंख्य रयतेच्या मुलांना तीही परभाषाच होती, आणि निवड त्यांच्या हाती नव्हती. कोरियाने हेच अधिक कठोर रूपात भोगले. १९१० ते १९४५ या जपानी अमलात शाळेची भाषा जपानी झाली, आणि १९३८ नंतर कोरियन भाषा हा सक्तीचा विषयही उरला नाही. ज्या देशाच्या आज्यांनी असे बालपण काढले, त्याच देशात १९९७ पासून तिसरीच्या मुलांना इंग्रजी शिकवली जाते, आणि संध्याकाळी ती मुले पुन्हा खासगी शिकवणीच्या वर्गात, ज्याला ते ‘हागवॉन’ म्हणतात, रात्र होईपर्यंत बसतात. ही सक्ती सरकारच्या फर्मानाची नाही, परीक्षेची आणि पालकांच्या काळजीची आहे. पण दिवसभराच्या शाळेने शिणून आलेल्या नऊ वर्षांच्या मुलाला तो फरक कोण समजावून सांगणार? परदेशी शिक्षकाने निदान हे ओळखावे, आणि डुलक्या घेणाऱ्या मुलावर आवाज चढवण्यापूर्वी त्याने दुपारपासून काय खाल्ले हे त्याच्याच भाषेत, मोडक्यातोडक्या का होईना, विचारावे. शिक्षक चुकतमाकत आपली भाषा बोलतो हे पाहिले की मुलाची चुकण्याची लाज पुष्कळ ओसरते, आणि इंग्रजीचा तास त्या दिवशी खऱ्या अर्थाने सुरू होतो.

अशा नोकऱ्यांचे करारनामे बहुधा एक वर्षाच्या मुदतीचे असतात, आणि पुष्कळ जण ती मुदत भरताच बिऱ्हाड मोडतात. हे मला मुलांच्या दृष्टीने नुकसानीचे वाटते. पहिल्या वर्षी शिक्षकाला पाट्या वाचावयास, ताटातले ओळखावयास आणि कोणाचे आजोबा आजारी आहेत हे समजावयास मुलेच शिकवीत असतात, आणि त्यात त्यांचा बराच वेळ खर्च होतो. इकडून जाणाऱ्या तरुणाने सही करण्यापूर्वी पगार, राहण्याची जागा आणि परतीचे भाडे यांची चौकशी करावी, ती करणे रास्तच आहे. पण करार वाढवून मिळतो की नाही, आणि दुसऱ्या वर्षी वर्ग तोच राहील काय, हेही त्याने त्याच बैठकीत विचारून घ्यावे.