आंजीच्या आठवणी

वर्धा-आर्वी रस्त्यावरच्या आंजी (मोठी)चा इतिहास विचारला की आम्ही कागदांकडे धावतो. 1906 साली निघालेल्या रसेल यांच्या वर्धा गॅझेटियरमध्ये जमीन, पिके, महसूल सापडतो. मोहरमच्या सवारीपुढे कोण पाणी शिंपडायचे, हे मात्र म्हाताऱ्यांच्याच तोंडी आहे. म्हातारे किती दिवसांचे?

आम्ही उर्दू शाळेतले मास्तर. घरच्या हकिकती लिहून आणा, असे मुलांना सांगतो. त्याच सवारीचा एका घरी दोस्ताना निघतो, दुसऱ्या घरी भांडण. लाल पेनाने एक हकिकत खोडायचा मोह होतो, सवय वाईट! हदीस जमवणाऱ्यांनी मजकुराआधी इस्नाद लिहिली, कुणी कुणाकडून ऐकले ती साखळी. रावीची पारख केली. गावगोष्टींना ती बरोबरी नाही. पण सांगणाऱ्याच्या नावासह दोन्ही हकिकती ठेवाव्यात, एवढी शिस्त तरी आपण घ्यावी.

पण नावच अडते. "बेटा, हे लिहू नको," एक आजी म्हणाली. ज्याच्याविषयी ती बोलली, त्याची नातवंडे शेजारीच राहतात. लपवावे तर इतिहास लंगडा, लिहावे तर आजीचा विश्वास आणि शेजार दोन्ही जातात. गोष्ट तिची होती. आम्ही वहीचे ते पान कोरे सोडले, फाडले नाही. वर फक्त त्या दिवसाची तारीख घातली.