भाव आणि माव

धर्मग्रंथातील अक्षर चुकले तर नेमके काय बिघडते, या प्रश्नाला भारतीय परंपरेने एकच उत्तर दिलेले नाही. वैदिक परंपरेत अक्षरच नव्हे तर स्वरही, म्हणजे उच्चारातील चढउतारही, मंत्राचा अविभाज्य भाग मानला गेला. ‘इंद्रशत्रु’ या शब्दाचा स्वर चुकला आणि ‘इंद्राला मारणारा’ याऐवजी ‘इंद्र ज्याला मारील असा’ अर्थ होऊन त्वष्ट्याचा यज्ञ त्याच्याच पुत्राच्या नाशाला कारण झाला, या कथेचा दाखला पतंजलीपासूनचे वैयाकरण देत आले ते यासाठीच. भक्तिपरंपरेने मात्र देव भावाचा भुकेला मानला आणि अडाणी भक्ताचे अडखळते शब्दही गोड करून घेतले. आळंदी-पंढरपूरच्या रस्त्यांवर आणि देवळांबाहेरच्या दुकानांत मिळणाऱ्या स्वस्त पोथ्यांमध्ये मुद्रितशोधन, म्हणजे छापण्यापूर्वी मजकूर मुळाशी ताडून पाहण्याचे काम, अनेकदा झालेलेच नसते, आणि हे कोणी दाखवून दिले तर उत्तर म्हणून याच भावाची साक्ष काढली जाते. भक्ताचा भाव शुद्ध असल्यावर छापील चुकीने काय बिघडते, असा हा युक्तिवाद असून तो वरवर पाहता संतांच्या शिकवणीला धरून आहे असे वाटते, म्हणूनच तो नीट तपासला पाहिजे.

पठण किंवा पूजा संपल्यावर अक्षर गळले, मात्रा राहिली, तर क्षमा असावी अशी प्रार्थना करण्याची रीत आहे. ही क्षमा वाचणाऱ्याच्या जिभेसाठी असते; तो समोरचे अक्षर खरे मानून वाचतो आणि तरीही आपल्याकडून चूक होईल या जाणिवेने नम्र होतो. छापणाऱ्याने घाईने किंवा पैसे वाचवण्यासाठी केलेली चूक या प्रार्थनेच्या कक्षेत येत नाही, कारण तेथे नम्रता नाही आणि भक्ताची असहायताही नाही. हस्तलिखितांच्या काळातला लेखकूसुद्धा पोथीच्या अखेरीस, जसे पाहिले तसे लिहिले, दोष आपल्याला देऊ नये, असे सांगून जात असे. पण चुकलेल्या अक्षरावर तो हरताळ नावाचे पिवळे खनिज फासून ते झाकी आणि वर शुद्ध अक्षर लिही. ‘हरताळ फासणे’ या वाक्प्रचाराला आज केवळ नाशाचा अर्थ उरला असला तरी मुळात ती दुरुस्तीची क्रिया होती.

चुका कोणत्या जातीच्या असतात हे जवळून पाहिल्याशिवाय त्यांचे गांभीर्य कळत नाही. देवनागरीत भ आणि म, ध आणि घ, थ आणि य या जोड्यांतील मुख्य भेद शिरोरेषेच्या तुटीत आणि डाव्या बाजूच्या लहानशा वळणात आहे. झिजलेला खिळा, पसरलेली शाई किंवा टंकलेखनातली घाई एवढ्याने हा भेद बुजतो. ‘नाथ’चे ‘नाय’ झाले तर लहान मूलही ती चूक ओळखते, आणि अशी चूक दिसायला वाईट असली तरी फारशी घातक नसते. ‘आनंदघन’चे ‘आनंदधन’ झाले की मात्र ओघात काही खटकत नाही, कारण चुकीचा शब्दही शब्दच असतो. याहून बोलके उदाहरण खुद्द ‘भाव’ या शब्दाचे आहे. त्याच्या पहिल्या अक्षराची शिरोरेषा सांधली गेली की ‘माव’ उरते, आणि जुन्या मराठीत माव म्हणजे माया, कपट, भूल. ज्या शब्दाच्या आधारावर चुकांचे समर्थन केले जाते तोच शब्द एका रेघेने आपल्या विरुद्ध टोकाला जातो.

अनुस्वाराची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. जुन्या मराठीत शब्दाच्या शेवटचा टिंब पुष्कळदा विभक्तीचे काम करतो : ‘करी’ म्हणजे करतो, तर ‘करीं’ म्हणजे हातात, ‘जनी’ ही नामदेवांच्या घरची जनाबाई, तर ‘जनीं’ म्हणजे लोकांमध्ये. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ साली शासनमान्य झालेल्या नियमांनी आधुनिक लेखनातून न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले, ते योग्यच झाले. परंतु केशवसुतांच्या आधीचे पद्य मुळाप्रमाणेच छापावे असेही महामंडळाच्या नियमांत स्पष्ट आहे, आणि नेमके तेवढेच विसरून संतांच्या ओव्यांवरचे टिंब सरसकट पुसले जातात. जुना शब्द ओळखीचा नसला की त्याच्या जागी ओळखीचा शब्द बसवण्याची प्रवृत्तीही यातलीच. ‘आत’ या अर्थाचा ‘माजीं’ हा शब्द ‘माझी’ म्हणून छापला गेला, तर जेथे एका तत्त्वात सर्व सामावल्याचे सांगायचे आहे तेथे ममत्व येऊन बसते. अद्वैताच्या ग्रंथात याहून विपरीत पाठ सुचवणे कठीण आहे.

येथे ओवीच्या घडणीचाही विचार करावा लागतो. ‘मनाचे श्लोक’ भुजंगप्रयात वृत्तात असल्यामुळे प्रत्येक चरणात बारा अक्षरे असतात आणि एक गळले की जीभ स्वतःच अडखळते. वेदांच्या रक्षणासाठी तर पद, क्रम, जटा, घन अशा उलटसुलट पठणांची तटबंदी उभारली गेली. ज्ञानेश्वरीच्या ओवीत पहिल्या तीन चरणांना यमकाचे बंधन आहे, पण अक्षरसंख्येचे नाही, म्हणून तेथे अक्षर गळले तरी लय तक्रार करीत नाही. या मोकळेपणामुळेच ओवी सर्वांच्या तोंडी बसली आणि त्यामुळेच ती अधिक जपावी लागते. एकनाथांना हे ठाऊक होते. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये सिद्ध झाली. त्यानंतर तीन शतकांनी, शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, पाठांतरांनी बिघडलेली तिची संहिता त्यांनी शुद्ध केली आणि तिच्यात आपली ओवी घालणाऱ्याची तुलना अमृताच्या ताटात करवंटी ठेवणाऱ्याशी केली. स्वतः श्रेष्ठ कवी आणि भक्त असलेल्या या पुरुषाला अक्षरशुद्धी हे भावाच्या विरोधातले काम वाटले नाही.

मुद्रणाच्या काळातही ही निष्ठा टिकली होती. विष्णुशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी देहू, तळेगाव, पंढरपूर अशा ठिकाणच्या हस्तलिखितांचे पाठभेद, म्हणजे एकाच जागी आढळणारे निरनिराळे शब्द, ताडून तुकारामांची गाथा १८६९ आणि १८७३ साली दोन भागांत काढली. स्वस्त म्हणजे अशुद्ध हे समीकरणही खरे नाही. कलकत्त्यात छापून घेतलेल्या गीतेत चुका फार निघाल्या आणि इतकी शुद्धता हवी असेल तर स्वतःचा छापखाना काढा असे उत्तर मिळाले, म्हणून जयदयाल गोयंदका यांच्या प्रेरणेने १९२३ साली गोरखपूरला गीता प्रेस उभी राहिली, असे सांगितले जाते. आणि तिचा लौकिक अल्प किंमत व शुद्ध छपाई या दोन्हींसाठी आहे.

पूर्वी चुकलेला शब्द शेजारच्या टाळकऱ्याला किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांना पाठ असे आणि तो जागच्या जागी सुधारला जाई. पाठांतर जसजसे ओसरले तसतशी छापील प्रत हीच एकमेव साक्षीदार झाली, आणि गरीब, श्रद्धाळू वाचकाच्या हाती तर बहुधा सर्वांत स्वस्त प्रतच पडते. अखंड हरिनाम सप्ताहात व्यासपीठचालक ज्ञानेश्वरीची ओवी म्हणतो आणि मांडवातले शेकडो वाचक आपापल्या प्रतीतून त्याच्या मागे म्हणतात. एखाद्या शब्दाशी आवाज दुभंगतात, क्षणभर गलबला होतो, आणि पुढच्या ओवीला सूर पुन्हा जुळतो. अशा वेळी मागच्या रांगेतली एखादी वृद्धा चष्मा सावरून शेजारणीच्या पोथीत डोकावते आणि बोटाने ती ओळ धरून ठेवून, अध्याय संपल्यावर, पेन्सिलीने आपल्या पोथीत एक टिंब देते.