लेकराशी खोटे बोलावे काय?

प्रश्न घरगुती आहे. पण माळ घालणाऱ्या प्रत्येकाने तो स्वतःला विचारावा असा आहे.

गेल्या कार्तिकात आमच्या चार वर्षांच्या मुलाचे अंतर्गळाचे ऑपरेशन झाले. मूल आईच्या पोटात असता त्याचे वृषण उदरातून खाली उतरतात आणि मागची वाट बुजते. एखाद्याची बुजत नाही. मग रडताना, कुंथताना आतडे जांघेत उतरते. ते तेथे अडकले तर रक्तपुरवठा तुटून जिवावर बेतते. औषधाने ही वाट बंद होत नाही. डॉक्टर म्हणाले, "थांबू नका."

पहाटेच्या एस.टी.ने घाटंजीहून यवतमाळास निघालो. भुलेत पोटातले अन्न वर येऊन फुप्फुसात जाण्याचे भय असते, म्हणून सहा तास आधीपासून खाणे बंद. लेकरू मुरमुरे मागत होते. "आपण फिरायला चाललो," असे आम्ही सांगितले. दवाखान्याच्या दारात त्याने विचारले, "बाबा, मले दुखन का?" आम्ही म्हणालो, "नाही रे राजा, काहीच दुखत नाही." त्याची आई गप्प राहिली. कपाळी बुक्का, गळ्यात माळ, आणि तोंडून असत्य किती सहज निघाले!

ऑपरेशन नीट पार पडले. भूल उतरली, जखम ठणकू लागली. आम्ही हात पुढे केला तर त्याने तोंड फिरविले. "तुमी लबाड बोलले." दोन दिवस ते आईला बिलगून राहिले, आमच्याकडे आले नाही.

कोणी म्हणेल, हिताकरिता बोललेले खोटे ते खोटे नव्हे. आम्हीही मनाची तीच समजूत घातली होती. पण त्या खोट्याने त्याचे दुखणे तीळभर कमी झाले नाही. सोय झाली ती आमची. त्याचे रडणे तेवढा वेळ ऐकावे लागले नाही.

शहाण्यासुरत्यांचेही असेच होते. १८४६ साली बोस्टनला ईथरची भूल देऊन ऑपरेशन झाले आणि भुलेची विद्या जगभर गेली. तरी पुढे शतकाहून अधिक काळ, तान्ह्या बाळाला वेदना कळत नाहीत असे कित्येक डॉक्टर मानीत, आणि पुरेशा भुलेवाचून नवजातांवर शस्त्रक्रिया होत. इंदूरला वैद्यकी शिकलेले डॉ. कंवलजीत सिंग आनंद व त्यांचे सहकारी यांनी १९८७ साली दाखवून दिले की बाळालाही वेदना होतात, आणि भूल नीट दिली तर ते अधिक सुखरूप राहते. बाळाला बोलता येत नव्हते, म्हणून मोठ्यांना सोयीचे तेच खरे ठरले होते.

मग चार वर्षांच्या पोराला सुरी-टाके सगळे सांगावे काय? तसे नाही. त्याला पेलेल तेवढेच सांगावे, पण जे सांगू ते खरे असावे. पुढे पट्टी बदलायला नेताना आम्ही म्हणालो, "थोडं दुखन बाबू. मी हात धरून राहीन." तो रडला खरा, पण आमचे बोट त्याने सोडले नाही.

आपण विठ्ठलाला माउली म्हणतो. शेगावहून पंढरीस महिनाभर चालणाऱ्याला पायाला फोड येणार नाहीत असे कोणी सांगितलेले नसते. फोड येणार हे ठाऊक असून तो निघतो, कारण सोबत असते. दुखणार की नाही, हे आमच्या हाती नव्हते; दुखताना जवळ राहणे मात्र हाती होते. जे हाती नव्हते त्याचे वचन आम्ही दिले, आणि जे हाती होते ते द्यायचे विसरलो. लेकराने आमची चूक दोन दिवसांत पोटात घातली. आम्ही ती विसरू नये, एवढेच पांडुरंगाजवळ मागणे.