आर्चीला परतीचं दार कुणी उघडायचं?

जोसेफ कॅम्पबेल यांनी १९४९ साली जगभरच्या पुराणकथांमधून एक सांगाडा मांडला. नायक घर सोडतो, संकटांतून जातो, बदलतो आणि आपल्या माणसांसाठी काहीतरी घेऊन परततो.

नागराज मंजुळेंच्या ‘सैराट’मधली (२०१६) आर्ची या सांगाड्यात जवळजवळ बसते. गावात बुलेट आणि ट्रॅक्टर चालवणारी पाटलांची लेक हैदराबादच्या झोपडपट्टीत येते. ती कारखान्यात कामाला लागते, तेलुगू शिकते, परश्यासोबत संसार उभा करते. मला तरी सिनेमाचा खरा नायक तीच वाटते, कारण सगळ्यात जास्त बदलते तीच.

अडतं ते परतीवर. ती आईला फोन करते आणि घरच तिच्या दारात येतं. भाऊ येतो, नातेवाईक येतात, सोबत आईच्या नावाने भेटवस्तू. कॅम्पबेलच्या कथेत भेट नायक आणतो. इथे ती घरचे आणतात आणि दोघांचा जीव घेऊन जातात.

मी वाघोलीत राहतो. शिकायला, नोकरीला गाव सोडून आलेली पोरंपोरी इथे नगर रोडवर रोज दिसतात. त्यांना सगळे विचारतात, काय कमावलंस? पण बदललेली मुलगी घरात घ्याल का, हे गावाला कोण विचारतं?

परतीची निम्मी हिंमत घरच्यांनी दाखवायची असते. आर्चीने तिची निम्मी दाखवली होती. शेवटी तिचं लेकरू रक्ताची पावलं उमटवत बाहेर चालू लागतं. त्याला कधी परतता येईल का, याचं उत्तर त्याच्याकडे मागू नये.