बिबट्या आणि बुरशी



2024 च्या मार्च-एप्रिल महिन्यांत वसई किल्ल्याच्या परिसरात बिबट्या फिरत होता. अंधार पडला की लोक तिकडे जायला धजत नसत. वनखात्याने पिंजरे लावले आणि अखेर त्याला पकडले. संत पेत्रही आपल्या पहिल्या पत्रात (5:8) सैतानाची तुलना भक्ष्याच्या शोधात फिरणाऱ्या सिंहाशी करतो. अशा शत्रूची चाहूल लागते, म्हणून आपण सावध होतो.

पण दुसऱ्या एका शत्रूची चाहूलच लागत नाही. एकदा मी एका जुन्या कौलारू घराला आशीर्वाद द्यायला गेलो होतो. माजघराची तुळई रंगवलेली, धडधाकट दिसत होती. तिथे कामाला आलेल्या सुताराने पटाशी टेकवली, तर ती सहज आत गेली. आतले लाकूड तपकिरी होऊन चौकोनी तुकड्यांत भेगाळले होते. ही बुरशीची करणी. लाकडाला बळ देणारे सेल्युलोज ती खाते आणि लाकूड झिजलेले दिसण्याआधीच त्याचे बळ गेलेले असते.

सुतार म्हणाला, "फादर, बुरशीचे बी हवेत सगळीकडे असते. ते कोणाला अडवता येत नाही. पण कोरड्या लाकडावर ते रुजत नाही. आधी ओल थांबवा."

ओल येत होती एका फुटक्या कौलातून. ते कौल कोणी बदलायचे, यावरून घरातल्या दोघा भावांचे बिनसले होते. सहा पावसाळे गेले. दोघेही दर रविवारी मिस्साला येत आणि वेगवेगळ्या बाकांवर बसत.

बिबट्या काय, बुरशी काय, दोन्ही देवाचीच निर्मिती. रानात पडलेल्या झाडाची माती बुरशीच करते. दोष तिचा नाही; ओल आपण राहू दिली. खून-दरोड्यापासून आपण लांब राहतो, पण मनात धरून ठेवलेल्या रागाचे काय? मोह हवेत असणारच. त्याला ओल द्यायची की नाही, हे आपल्या हाती आहे. म्हणूनच संत पौल इफिसकरांस (4:26) सूर्य मावळण्याआधी राग सोडायला सांगतो. पापनिवेदनाला आपण कधी जातो? कौल फुटल्यावर की तुळई कोसळल्यावर?

त्या भावांनी तुळई बदलली. कौल बसवताना एकाने शिडी धरली, दुसरा वर चढला. या आठवड्यात आपणही आपापले फुटके कौल शोधू या.

प्रार्थना : हे प्रभू येशू, आमच्या अंतःकरणात मुरलेली ओल आम्हांला दाखव आणि क्षमा मागण्याचे धैर्य दे. आमेन.