मीठ कमी आहे

तो रिव्ह्यू लिहिला तेव्हा मला भयंकर भूक लागली होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी जे काही तात्त्विक वगैरे म्हणणार आहे त्याच्या तळाशी ती भूक आहे.

मागच्या जुलैत आम्ही चौघं दोन बाइकवर डोंबिवलीहून निघालो. बेत साधा होता. सकाळी उल्हासनगरला दाल पकवान, मग अंबरनाथचं शिवमंदिर, मग बदलापूर ओलांडून बारवी धरणाच्या रस्त्याला लागायचं आणि ‘घरगुती जेवण मिळेल’ अशी पाटी दिसेल तिथे थांबायचं. पाटी दिसली. ओटीवर तीन प्लॅस्टिकची टेबलं, वर निळा ताडपत्रीचा मांडव, आत एक बाई आणि ताटं ने-आण करणारा तिचा मुलगा. आम्ही नखशिखांत भिजलेलो. गावठी कोंबडी आणि तांदळाची भाकरी सांगितली आणि वाट बघत बसलो. पंधरा मिनिटं, अर्धा तास, एक तास. मुलगा दर वेळी म्हणायचा, “होतंय दादा.” एक तास वीस मिनिटांनी माझा धीर सुटला. फोन काढला, नकाशावर ती जागा शोधली, एक तारा दिला आणि इंग्रजीत लिहिलं: पथेटिक सर्व्हिस, अव्हॉइड.

पोस्ट केलं आणि पाच मिनिटांत जेवण आलं.

जेवण चांगलं होतं. नुसतं चांगलं नाही, रस्सा वाटीने पिण्यासारखा होता आणि भाकरी तव्यावरून थेट ताटात येत होती. आम्ही गप्प होऊन जेवलो, चौघांचे अकराशे रुपये दिले, आणि परत निघालो. तो एक तारा बदलायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. मी न जेवताच जेवणाच्या जागेला नावं ठेवून मोकळा झालो होतो.

आमच्या घरात अन्नाला नावं ठेवायची नाहीत. तुमच्याही घरात असेल हा नियम. भाजी खारट झाली तर पाणी प्यावं, आमटी पांचट झाली तर पापड घ्यावा, पण ताटावर बसून बोलू नये. हा नियम काही आमच्या आज्जीने शोधलेला नाही. तैत्तिरीय उपनिषदातसुद्धा अन्नाची निंदा करू नये, हे व्रत म्हणून सांगितलेलं आहे. (घरातले पुरुष मात्र हे व्रत सोयीने मोडतात आणि स्वयंपाकघराच्या दिशेने सर्रास नावं ठेवतात, तो विषय वेगळा. खरं तर फार वेगळा नाही.) इतकी वर्षं हा नियम ऐकून मोठा झालेला मी, आणि आज माझा फोन जेवण संपायच्या आत विचारतो: कसं होतं? किती तारे?

मग यातलं बरोबर काय? आज्जी की फोन?

हा प्रश्न मला आधी फार सोपा वाटला होता. आज्जी बरोबर, फोन उथळ, आपली पिढी बिघडली. असा लेख लिहायला अर्धा तास पुरतो. पण मला आजोबांची गोष्ट माहीत होती, त्यामुळे तो लेख मला लिहिता येईना.

आजोबा कल्याणला शाळेत होते तेव्हा वार लावून जेवायचे. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी: गरीब ब्राह्मण मुलगा गावाबाहेर शिकायला राहिला की ओळखीपाळखीची सात घरं त्याला आठवड्यातला एकेक दिवस जेवू घालत. सोमवार वकिलांकडे, मंगळवार मास्तरांकडे. असा वार मिळायलाही जात लागायची. तेवढाच गरीब, तेवढाच हुशार, पण दुसऱ्या जातीचा मुलगा त्या पंगतीत बसूच शकत नव्हता, हे आजोबा स्वतः सांगायचे. तर त्यांच्या गुरुवारच्या घरी आदल्या दिवशीची आमटी असायची. कधी कधी आंबलेली. ते गुपचूप जेवायचे आणि उठताना ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणायचे. चार वर्षं.

पुढे त्यांना अंबरनाथला विमकोत, म्हणजे काडेपेट्यांच्या कारखान्यात, कारकुनी मिळाली. साल १९५६. स्टेशनजवळच्या एका खानावळीत त्यांनी महिन्याचे पैसे भरले. तिथल्या पहिल्याच आठवड्यात एका रात्री ते वाढप्याला म्हणाले, “आमटीत मीठ कमी आहे.” वाढप्याने मिठाची वाटी आणून ठेवली. बस, एवढंच. पण ही गोष्ट सांगताना नव्वदीतल्या आजोबांचा चेहरा असा व्हायचा की जणू त्यांनी कारखाना विकत घेतला होता. नोकरी लागल्याची गोष्ट ते इतक्या आनंदाने सांगत नसत.

म्हणजे अन्नाला नावं ठेवू नयेत हा नियम सगळ्यांना सारखा लागू नव्हताच. जो दुसऱ्याच्या दयेवर जेवतो त्याला तो जास्त लागू होता. पैसे मोजून जेवणाऱ्याला पहिल्यांदा तोंड फुटलं. आपल्याला हॉटेल म्हणजे टाइमपास वाटतो, पण ओळख न विचारता, उपकार न करता, पैशाच्या बदल्यात कुणालाही ताट देणारी जागा ही माणसाच्या इतिहासात साधी गोष्ट नाही. घटनेच्या १५व्या कलमात भेदभावाला बंदी करताना दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांचा स्पष्ट उल्लेख आहे. घटना लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं की कोण कुठल्या टेबलावर बसू शकतो आणि कुठल्या कपातून चहा पितो, यावर फार काही ठरतं. त्या टेबलावर बसून ‘मीठ कमी आहे’ म्हणता येणं हा हक्क आहे. आणि शिळ्या तेलात तळलेलं खाऊन पोट बिघडलं तर ते चार लोकांना सांगणं हे तर कर्तव्यच म्हणावं लागेल. तिथे आज्जीचा नियम पाळणं म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकाला आजारी पाडणं.

मग माझं चुकलं कुठे? मी पैसे दिले होते, भूक खरी होती, उशीर खरा होता.

याचं उत्तर मला त्याच दिवशी सकाळी उल्हासनगरात दिसलं होतं, फक्त तेव्हा लक्षात आलं नाही. उल्हासनगर हे गाव वसलंच लष्करी छावणीवर. दुसऱ्या महायुद्धातल्या त्या छावणीच्या बराकींमध्ये फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना ठेवलं गेलं, १९४९ साली गावाला उल्हासनगर हे नाव मिळालं, पण रिक्षावाले अजूनही कॅम्प तीन, कॅम्प चार असंच म्हणतात. सगळं मागे टाकून आलेल्या माणसांनी इथे पापड लाटले, लोणची घातली, मिठाया केल्या आणि लोकलमधून, दारोदार फिरून विकल्या. कुणापुढे हात पसरला नाही, असं तिथल्या प्रत्येक म्हाताऱ्याच्या तोंडून ऐकायला मिळतं आणि ते सांगताना त्यांची मान ताठ होते.

आम्ही ज्या दुकानात बसलो तिथला गल्ल्यावरचा आजोबा असाच. पातळ, कुरकुरीत, हाताएवढं पकवान, वर चण्याची डाळ, चिंचेची चटणी, बारीक कांदा. प्लेट समोर आली की दोन घासांनंतर तो प्रत्येकाला विचारायचा, “नमक बराबर?” प्रत्येकाला, न चुकता. आमच्यातला एक म्हणाला, “थोडा कम है.” त्या म्हाताऱ्याने खुर्चीतून उठून पातेल्यात चमचा घातला, चाखलं, आत सिंधीत काहीतरी ओरडला, आणि मीठ पडलं. आमच्या मित्राच्या प्लेटमध्ये नव्हे, पातेल्यात. पुढच्या सगळ्यांना बरोबर मिठाची डाळ मिळाली. कुणाचा अपमान झाला नाही, कुणाला तारे द्यावे लागले नाहीत.

तक्रार जिथे सुधारता येते तिथे केली होती. माझी तक्रार जिथे गेली तिथे चूलच नव्हती.

तारे देण्याची ही पद्धत आली कुठून, हेही मजेशीर आहे. फ्रान्समधल्या मिशेलिन या टायर बनवणाऱ्या कंपनीने १९०० साली मोटारवाल्यांसाठी एक पुस्तिका काढली. लोकांनी गाड्या जास्त फिरवाव्यात, टायर झिजावेत, हा सरळ हेतू. १९२६ मध्ये त्या पुस्तिकेत चांगल्या हॉटेलांना तारा मिळू लागला, पुढे तो तीन ताऱ्यांपर्यंत गेला. पण तो तारा फक्त चांगल्यालाच मिळायचा. वाईटाला एक तारा ही कल्पनाच नव्हती; वाईट हॉटेल पुस्तिकेत नसायचं, झालं. शिवाय त्यांचा परीक्षक ओळख लपवून जायचा, बिल भरायचा, आणि मुख्य म्हणजे पूर्ण जेवायचा. मी यातलं फक्त ओळख लपवण्याचं काम केलं.

फेब्रुवारीत मी परत बारवी रस्त्याला गेलो. यामागे पश्चात्ताप वगैरे नव्हता, हेही प्रामाणिकपणे सांगतो. तो रस्सा आठवत होता. बरोबर ऑफिसातली एक मैत्रीण होती. पाटी तीच, मांडव तोच, ऊन होतं आणि गर्दी नव्हती. मुलाने मला ओळखलं नाही. जेवण सांगून आम्ही बसलो, तेवढ्यात तो फोन घेऊन आला.

“दादा, तुम्ही शिकलेले दिसता. एक विचारू? इथे कोणीतरी आमच्याबद्दल लिहिलंय. मी मराठीत करून बघितलं तर फोन म्हणतो, ‘दयनीय सेवा, टाळा’. दयनीय म्हणजे दया येते ते ना?”

माझं नाव त्या रिव्ह्यूवर नव्हतं, एक टोपणनाव होतं. मैत्रिणीला ते माहीत होतं. तिने पाण्याचा ग्लास उचलून तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

मी उत्तर देण्याच्या आत बाई पदराला हात पुसत बाहेर आली. “दिवाळीपासून विचारतोय तो सगळ्यांना,” ती म्हणाली. “मला एवढंच सांगा, आमची कीव केली का त्याने? कीव कशाला करायची? आम्ही पैसे घेतो ना जेवणाचे. फुकट मागतो का कोणाकडे?”

मी शिवी लिहिली होती. तिला ती भीक म्हणून पोचली होती. आणि शिवीपेक्षा ते तिला जास्त लागलं होतं. उल्हासनगरचा म्हातारा, माझे आजोबा आणि ही बाई, तिघंही एकाच गोष्टीवर उभे होते: मी पैशाचा व्यवहार करतो, माझ्यावर दया नको. आजोबांना पैसे देऊन जी मान ताठ करता आली, तीच या बाईने पैसे घेऊन केली होती. आणि मी तिला चार महिने, कदाचित जास्तच, वार लावून जेवणाऱ्या पोराच्या जागी बसवून ठेवलं होतं.

“नाही हो,” मी म्हणालो. “त्याला म्हणायचंय की जेवण यायला फार उशीर झाला.”

त्याला. हा शब्द माझ्या तोंडून इतका सहज निघाला की मलाच नवल वाटलं.

“झाला असेल,” बाई लगेच म्हणाली. “पावसाळ्यात लाकडं ओली असतात, आणि चूल एकच. मग उशीर झाला असं लिहायचं. मी सांगितलं असतं ना, आधी फोन करून या म्हणून.” मग मुलाकडे वळून, “बघ, मी म्हटलं नव्हतं? उशीर झाला म्हणतोय तो.” तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. ती आत गेली आणि भाकऱ्या थापल्याचा आवाज यायला लागला.

मी कबूल करायला हवं होतं. मैत्रीण अजूनही तसंच म्हणते. माझं म्हणणं, त्या क्षणी कबुली ही माझ्या मनाच्या शांतीसाठी झाली असती, तिच्यासाठी नाही. तिला हवं होतं ते उत्तर तिला मिळालं होतं. मैत्रीण म्हणते, ही पळवाट आहे, आणि तिला हवं होतं ते उत्तर खरं होतं की नाही हे तू ठरवू नकोस. यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. मला रात्री झोपताना तिचं पटतं आणि सकाळी माझं.

निघताना मी मुलाकडून त्यांचा फोन नंबर घेतला आणि नकाशावर टाकून दिला. घरी येऊन तो रिव्ह्यू उघडला. काढून टाकणं सोपं होतं, पण मग जुलैत लहान मूल घेऊन, भुकेलं, भिजून येणाऱ्या कुणाला कसं कळणार की इथे तासभर लागतो? म्हणून पुसून नवं लिहिलं, मराठीत, म्हणजे त्या मुलाला फोनला विचारावं लागणार नाही. ‘चूल एकच आहे. पावसाळ्यात तास-सव्वा तास लागतो, आधी फोन करून जा. रस्सा आणि भाकरी फार चांगली.’

बटण दाबलं तर जाईना. आधी तारे द्या, म्हणतोय. किती द्यायचे ते ठरवत बराच वेळ बसलो. पाच दिले तर भरपाई केल्यासारखं होतं, म्हणजे पुन्हा कीवच. चार दिले तर तो एक कशाचा कापला, ओल्या लाकडांचा? मैत्रिणीला मेसेज केला. तिचं उत्तर आलं, ‘परत जा आणि तिलाच विचार.’

पुढच्या रविवारी जाणार आहोत. सकाळी निघताना फोन करणार आहे.