सोबतचा पेला

हल्ली प्रवासाला निघणाऱ्या तरुण मंडळींच्या पाठपिशवीत एक नवा संच दिसू लागला आहे. दाबला की चपटा होणारा सिलिकॉनचा पेला, कापडी गुंडाळीतले चमचा-काटा, एकात एक बसणारे स्टीलचे डबे, दुहेरी भिंतीची बाटली. सगळं मिळून एका वहीएवढी जागा घेतं. चहावाल्यापुढे आपला पेला धरला की तो क्षणभर बघतो, मग त्यात चहा ओततो. एक कागदी कप वाचतो. हे चांगलं काम आहे असं बहुतेकांना वाटतं, मलाही वाटतं. तरीही एक प्रश्न विचारावासा वाटतो. स्वतःचं भांडं सोबत बाळगणं आपोआप चांगलं ठरतं का?

दुसऱ्या एखाद्या देशात हा प्रश्न उगाचचा वाटला असता. पण ‘तुझं भांडं वेगळं’ हे वाक्य आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या माणसांना ऐकवलं गेलं आहे. त्यामुळे इथे पेला हा नुसता पेला राहत नाही.

या प्रश्नाचा विचार करायला मला कामठी हे गाव सोयीचं वाटतं. नागपूरपासून जवळ, कन्हान नदीच्या काठी. १८२१ साली इंग्रजांनी इथे लष्करी छावणी वसवली. मुंबई-हावडा रेल्वेमार्ग गावातून जातो. विडी कामगारांना संघटित करणारे आणि ‘जय भीम’ हे अभिवादन रुजवणारे बाबू हरदास ल. न. इथलेच. १९९९ मध्ये जपानी मदतीतून उभं राहिलेलं ड्रॅगन पॅलेस हे बुद्धविहारही इथलंच. म्हणजे एका गावात स्टेशन, छावणी आणि विहार. प्रवासातल्या भांड्याचे तीन निरनिराळे अर्थ या तीन जागांशी जोडलेले आहेत.

स्टेशनापासून सुरुवात करू. सोबत नेण्याजोगी आटोपशीर भांडी ही काही आजची कल्पना नव्हे. आपल्या आजी-पणजीच्या सामानात फिरकीचा तांब्या असायचा. पितळेचा, वर आट्यांचं झाकण, झाकणाखाली पेला. पाणी सांडत नसे, तांब्या हातात धरून गाडीत चढता येई. कामठीहून याच लोहमार्गाने पुढे गेलं की भंडारा लागतं, पितळी भांड्यांसाठी नावाजलेलं. फिरकीच्या तांब्याची रचना खरोखर सुरेख होती. पण ती केवळ तहानेसाठी झालेली नव्हती. वाटेत कुणाच्या घागरीतलं पाणी प्यावं लागू नये, कुणाच्या पेल्याला ओठ लागू नयेत, हेही त्या झाकणात बसवलेलं होतं. स्वातंत्र्यापूर्वी रेल्वे स्टेशनांवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ अशी वेगळी व्यवस्था असायची. गाडी सगळ्यांना एका डब्यात बसवत होती, आणि तांब्या त्यातूनही आपली सीमा सांभाळत होता.

याच सीमेच्या पलीकडच्या बाजूला उभं राहिल्यावर काय दिसतं? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत १९०१ सालचा एक प्रवास सांगितला आहे. वडील कोरेगावला नोकरीवर होते, त्यांना भेटायला ही मुलं साताऱ्याहून निघाली. मसूर स्टेशनवर उतरून पुढे बैलगाडीने गेली. सोबत भरपूर खाणं बांधून दिलेलं होतं. पण वाटेत पिण्याजोगं पाणी कुणी दिलं नाही, आणि पाण्याशिवाय घास उतरेना. अन्न जवळ असूनही ती रात्र त्यांनी उपाशी काढली. ही आठवण वाचताना एक गोष्ट नीट लक्षात येते. सोबतचं भांडं कितीही चांगलं असलं तरी ते भरून देणारं कुणी लागतं. माणूस आपली शिदोरी बांधून नेऊ शकतो. वाटेवरचं पाणी मात्र समाजाच्या हातात असतं.

म्हणून एकाच वस्तूच्या दोन बाजू दिसतात. एकाने आपलं भांडं अभिमानाने वेगळं ठेवलं. दुसऱ्याला ते वेगळं ठेवायला भाग पाडलं. गावोगावच्या चहाच्या टपऱ्यांवर दलितांसाठी वेगळा कप ठेवायची पद्धत होती, तो कप पिणाऱ्यानेच विसळून ठेवायचा. तोही ‘पुन्हा वापरायचा’ कपच होता.

आता फेकून द्यायच्या कपाकडे पाहू. त्याच्यावर आज सगळेच तुटून पडतात, पण त्याची बाजू ऐकून घ्यायला हवी. तो सुरुवातीला आला तो आरोग्यासाठी. अमेरिकेत आगगाड्यांत आणि शाळांत एकाच सामाईक पेल्याने सगळे पाणी पीत, त्यातून रोग पसरत. १९०७ च्या सुमारास तिथे कागदी कप आला आणि १९०९ मध्ये कॅन्सस राज्याने सामाईक पेल्यावर बंदी घातली. आपल्याकडे त्याच्या आधीपासून मातीचा कुल्हड होता. चहा प्यायचा आणि फोडून टाकायचा. त्यामागे स्वच्छता होती, तशी उष्ट्याची भीतीही होती. फोडलेलं भांडं पुन्हा कुणाच्या ओठाला लागत नाही.

मग प्लास्टिकचा आणि कागदाचा कप आला आणि त्याने न ठरवता एक काम केलं. त्याने जात विचारली नाही. एका गठ्ठ्यातून सुटणारे शंभर कप सारखे असतात. टपरीवर ज्याच्यासाठी वेगळा कप टांगलेला असे, त्याच्या हातात आता इतरांच्या हातातला कप आला. ज्या माणसाच्या आजोबांना ओंजळीत वरून पाणी ओतलं गेलं, त्याला हा कप तुच्छ वाटणार नाही, आणि वाटावा अशी अपेक्षाही आपण करू नये. पर्यावरणाच्या नावाने ‘आपापली भांडी आणा’ असं म्हणताना हा इतिहास ठाऊक असलेला बरा. लग्नाच्या पंगतीत किंवा गावच्या कार्यक्रमात हेच वाक्य कुणाला कसं ऐकू येईल, हे बोलणाऱ्याच्या हेतूवर ठरत नाही.

पण या युक्तिवादाला एक मर्यादा आहे. कप हातात असेपर्यंत समता टिकते. तो फेकला की पुढे काय होतं? कुणीतरी तो उचलतं. रुळांमधून, नाल्यातून, कचऱ्याच्या ढिगातून. उचलणारे हात कोणत्या वस्त्यांतून येतात हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. जे उचलले जात नाहीत ते कप पावसात वाहत नदीला मिळतात. कन्हानचं पाणी नागपूर शहराच्या नळांपर्यंत जातं, म्हणजे फिरून ते आपल्याच पेल्यात येतं. महाराष्ट्राने २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी आणली, केंद्राने १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकचे कप, ताटल्या, चमचे बंद केले. जागा कागदी कपाने घेतली, आणि त्याच्या आतही प्लास्टिकचाच पातळ थर असतो. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांना १०० मिलिलिटर गरम पाणी अशा कपात १५ मिनिटं ठेवल्यावर त्यात सुमारे २५,००० सूक्ष्म प्लास्टिककण आढळले होते. फेकून द्यायच्या कपाने उष्ट्याचा प्रश्न सोडवला नाही. उष्टं कुणाच्या वाट्याला जाणार, एवढंच दुसऱ्या ठिकाणी हलवलं.

मग सोवळ्याचा तांब्या नको आणि कचऱ्यातला कपही नको, तर तिसरं भांडं कोणतं? इथे कामठीच्या विहाराकडे वळायला हवं. बौद्ध भिक्षूच्या आठ वस्तू ठरलेल्या असतात. तीन चीवरं, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरपट्टा आणि पाणी गाळायचं साधन. प्रवासासाठी आटोपशीर संच म्हणावा तर तो हाच. हलका, मोजका, दुरुस्त करायच्या सोयीसह. पात्र लोखंडाचं किंवा मातीचं असावं, सोन्या-चांदीचं नसावं. विनयपिटकात पात्राबद्दल दोन नियम आहेत, ते मला फार नेमके वाटतात. जास्तीचं पात्र दहा दिवसांपेक्षा अधिक जवळ ठेवू नये. आणि जुन्या पात्राला पाच ठिकाणी सांधे जोडले गेल्याशिवाय नवं मागू नये.

हे नियम आपल्या नव्या संचाला लावून पाहा. किती जणांकडे तीन बाटल्या, दोन घडीचे पेले, वापरलेच न गेलेले बांबूचे चमचे पडून असतात? डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ मध्ये पिशव्यांचा हिशेब मांडला होता. सगळे परिणाम धरले तर कापडी पिशवी हजारो वेळा वापरल्यावरच ती पातळ प्लास्टिक पिशवीपेक्षा बरी ठरते, असं त्यात निघालं. आकड्यांवर वाद होऊ शकतो, त्यात समुद्रात गेलेल्या प्लास्टिकचा हिशेब नव्हता. पण मुद्दा राहतो. पुन्हा वापरायची वस्तू विकत घेतल्याने काही होत नाही, ती पुन्हा पुन्हा वापरावी लागते. कपाटातला पर्यावरणस्नेही पेला हा फक्त महागडा कचरा आहे, त्याची फेकायची तारीख पुढची असते एवढंच.

भिक्षापात्राची दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. ते भिक्षूचं स्वतःचं असतं, पण ते भरतं दुसऱ्यांच्या हातांनी. भिक्षेला जाताना घरं निवडायची नाहीत, ओळीने जायचं, जे पडेल ते घ्यायचं. आनंद आणि प्रकृती यांची कथा बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात घेतली आहे. तहानलेला आनंद तिच्याकडे पाणी मागतो. ती म्हणते, मी चांडाळाची मुलगी आहे. तो सांगतो की त्याला पाण्याशी काम आहे, जातीशी नाही. फिरकीच्या तांब्याचं झाकण जे अडवत होतं, तेच हे पात्र उघडं ठेवतं. दोन्ही भांडी ‘स्वतःची’ आहेत. एक दुसऱ्याच्या हातापासून वाचण्यासाठी जवळ ठेवलेलं, दुसरं दुसऱ्याच्या हातापुढे धरण्यासाठी.

छावणीतही असंच एक भांडं आहे. सैनिकाचं मेस टिन. चौकोनी दोन डबे, एकात एक बसणारे, दांडी दुमडणारी. ताट तेच, पातेलं तेच. कामठीत ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र आहे. १९४९ मध्ये ही पलटण उभी केली तेव्हा जात किंवा प्रांत न बघता देशभरातून भरती करायची, हे तिचं वेगळेपण होतं. इंग्रजांच्या जुन्या फौजेत शिपायांचे लोटे वेगळे, चुली वेगळ्या. इथे प्रत्येकाचं टिन वेगळं, पण वाढणारा हात आणि शिजवणारं पातेलं एकच. भांडं वेगळं असणं आणि माणूस वेगळा काढणं या दोन गोष्टी सुट्या करता येतात, हे त्या साध्या डब्यातून दिसतं.

यावर कुणी म्हणेल, मी माझी बाटली नेतो, कुणाला शिवू नका म्हणत नाही, मग माझा या इतिहासाशी काय संबंध? संबंध आहे, पण तो दोषाचा नाही, परिणामाचा आहे. ज्यांची तक्रार ऐकली जाते ते सगळे आपलं पाणी घरून नेऊ लागले किंवा विकत घेऊ लागले, तर फलाटावरचा नळ बंद पडल्याचं कुणाच्या लक्षात येणार? जनरल डब्यातल्या माणसाकडे ना दुहेरी भिंतीची बाटली असते, ना पाण्यासाठी वेगळे पैसे. २० मार्च १९२७ ला महाडला लोक चवदार तळ्यावर गेले, तेव्हा कुणाकडे स्वतःचं भांडं नव्हतं म्हणून गेले नव्हते. सार्वजनिक पाणी खरोखर सार्वजनिक असावं, ही त्यांची मागणी होती. आपल्या बाटलीने ती मागणी विसरायला लावली, तर ती बाटली कितीही हिरवी असो, ती जुन्या तांब्याचीच नात ठरेल.

म्हणून असा संच बनवणाऱ्यांना आणि घेणाऱ्यांना मी चार साधे प्रश्न सुचवेन. तो बिघडला तर गावातल्या माणसाकडून दुरुस्त होईल का? घडीच्या पेल्याच्या खाचांत चहा वाळून बसतो, मग फलाटावरच्या बारीक धारेखाली तो हाताने धुता येईल का? त्याचं तोंड एवढं रुंद आहे का, की नळाखाली धरता येईल आणि कुणालाही त्यात सहज ओतता येईल? आणि चौथा प्रश्न कारखान्यात सुटणारा नाही. शेजारच्या अनोळखी प्रवाशाला तहान लागली, तर हा पेला तुम्ही त्याच्या हातात द्याल का?

स्वच्छतेचं काय, असं विचाराल तर त्याला आपल्याकडे जुनं उत्तर आहे. भांड्याला ओठ न लावता वरून पिणं. हीच क्रिया एका काळी माणसाला दूर ठेवायला वापरली गेली, पाणी देणारा वर आणि घेणारा खाली ओंजळ धरून. पण बाटली त्याच्याच हातात दिली आणि त्याने ती वरून प्यायली, तर त्याच क्रियेत दोघांची तहान भागते. हात तसेच आहेत, धारही तशीच आहे. बाटली कुणाच्या हातात आहे, एवढाच फरक आहे.

तेव्हा पेला जरूर सोबत ठेवा. एकच ठेवा, पोचे येईपर्यंत वापरा, आणि फलाटावरचा नळ कोरडा दिसला तर स्वतःची बाटली भरलेली असतानाही तक्रार करा.